सात धबधबे आणि परतीची वाट



पावसाळा तोंडावर आला, की घराघरांत एक बेत शिजायला लागतो. येत्या रविवारी धबधब्याला जायचं का? मुलं नाचायला लागतात, कुणी गाडीची सोय बघतं, कुणी भजीचं पीठ कुठे कालवायचं ते ठरवतं. आज आम्ही बोलणार आहोत ते धबधब्याच्या वाटेबद्दलच. पण ती वाट आहे जरा लांबची, हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावरची. लांबची असली तरी ती आपल्या कामाची कशी, ते शेवटी तुमच्या लक्षात येईल.

आम्ही सहाजणी एकाच भिशीतल्या. वयं ३८ ते ६१. दोन वर्षं भिशीचे पैसे बाजूला टाकले आणि मे महिन्यात मॉरिशस गाठलं. समुद्रकिनारा बघायला सगळेच जातात. आम्हांला मात्र चालायचं होतं. राजगड, रायगड चढून झालेल्या आम्ही, तेव्हा चालण्याची भीती नव्हती. तिथल्या धबधब्यांच्या वाटेनं आम्हांला नवं काय शिकवलं, तेवढंच आज सांगतो.

आधी बेटाची ओळख करून घेऊ. मॉरिशस ज्वालामुखीतून वर आलेलं आहे. त्याचा दगड काळा, आपल्या सह्याद्रीसारखाच. आणि हे साम्य वरवरचं नाही बरं का. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा काळा कातळ बाहेर आला, त्याच जागेनं पुढे मॉरिशस आणि शेजारचं रेयुनियन बेट घडवलं, असं भूशास्त्रज्ञ मानतात. आपला भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, ती जागा तिथेच राहिली. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर दगडाचे उभे खांब रचून ठेवल्यासारखे दिसतात ना? मॉरिशसच्या दक्षिणेला रॉचेस्टर नावाचा धबधबा आहे, तो तशाच उभ्या खांबांवरून पडतो. तो बघून आमच्यातली एक म्हणाली, "अगं, हा तर आपल्या माहेरचा दगड!"

माणसांचंही नातं आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातून मजूर उसाच्या मळ्यांवर काम करायला तिथे नेले गेले. जवळजवळ पाच लाख माणसं त्या बंदरात उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली, देशावरची मराठी माणसंही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथे गणपती बसवतात, झाकरी नाचतात. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. आता गंमत बघा. त्या बेटावरचा पहिला गणपती १८९६ साली बसला तो हेन्रिएटाजवळच्या कॅस्केड नावाच्या वस्तीत, असं तिथे सांगितलं जातं. कॅस्केड म्हणजे धबधबा! आणि बेटावरच्या सगळ्यांत नावाजलेल्या धबधब्यांची वाट सुरू होते ती याच हेन्रिएटा गावातून. त्या धबधब्यांना फ्रेंचमध्ये 'सेत कास्काद' म्हणतात, म्हणजे सात धबधबे. इंग्रजीतलं नाव टॅमरिंड फॉल्स, म्हणजे चिंचेचे धबधबे. एकाच नदीचे हे सात टप्पे. लाव्हाचे थर एकावर एक बसले, त्यांच्या कडांच्या पायऱ्या झाल्या, आणि नदी त्या पायऱ्या उतरत घळीत जाते.

आता वाटेकडे वळू. पहिली गोष्ट आम्हांला चालायला लागल्यावर दहा मिनिटांतच जाणवली. ही वाट उलटी आहे. आपण गड चढतो तेव्हा चढ आधी येतो. दम लागतो, पाय बोलायला लागतात, आणि जमत नसेल तर माणूस निम्म्यातून उतरून घरी येतं. उतार शेवटी असतो, तो कसाबसा निभतो. हेन्रिएटा मात्र वर पठारावर आहे आणि धबधबे खाली घळीत. म्हणजे आधी उतरायचं. हसत, गप्पा मारत, फोटो काढत माणूस खाली जातं. पायांना काही कळतच नाही. खरा चढ येतो परतताना, जेव्हा अंग भिजलेलं असतं, पोटात भूक असते आणि ऊन कललेलं असतं. त्यातून वाट लाल चिकणमातीची. सुकी असली तर बरी, ओली झाली की साबण. झाडांची मुळं धरून धरून वर यावं लागतं.

म्हणून अशा वाटेवर ताकद मोजायची रीतही उलटी. "अजून जाता येईल का?" हा प्रश्न विचारायचाच नाही. खाली कितीही जाता येतं. विचारायचं ते, "इथून वर चढून जाता येईल का?" अंगातली निम्मी ताकद संपायच्या आधी पाय वळले पाहिजेत. गुडघ्यांचं दुखणं असेल तर आणखी आधी, कारण गुडघे उतरतानाच जास्त दुखावतात.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी हिरमुसून जायचं कारण नाही. शामारेलचा धबधबा आहे, सुमारे शंभर मीटर उंचीचा. तो कठड्यामागं उभं राहून समोर बघता येतो. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानातला अलेक्झांड्रा धबधबाही तसाच, थोडं चाललं की दिसतो. आमच्यातल्या ६१ वर्षांच्या ताईंनी आदल्या दिवशी तेच केलं. सात धबधब्यांच्या दिवशी त्या वरच्या वाटेपर्यंत आल्या आणि तिथेच सावलीत बसल्या. त्यांचं तिथे असणं किती उपयोगी पडलं, ते पुढे सांगतो.

दुसरी गोष्ट पावसाची. आणि ही सगळ्यांत महत्त्वाची.

मॉरिशस हे लहानसं बेट, लांबीला साधारण ६५ किलोमीटर. पण पाऊस सगळीकडे सारखा नाही. आग्नेयेकडून वारे येतात, मधल्या पठारावर चढतात आणि तिथे रिकामे होतात. पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, आणि पश्चिम किनाऱ्यावर ९०० च्या आसपास. आपल्याकडे महाबळेश्वर आणि वाई यांच्यात जसा फरक, तसाच. म्हणजे समुद्रावर लोक उन्हात वाळूत पडलेले असतात, त्याच वेळी वीस-पंचवीस किलोमीटरवर पठारावर धो धो पाऊस कोसळत असतो.

आता नदीचा विचार करा. आपली गोदावरी जवळजवळ दीड हजार किलोमीटर वाहते. तिला पूर येतो तो सांगून येतो, गावोगावी खबर पोचते. मॉरिशसची सगळ्यांत लांब नदीसुद्धा ४० किलोमीटरच्या आत आटोपते. पठारावर उगम, उभा उतार, खाली कातळ. पाणी मुरायला जागा नाही आणि रेंगाळायला वेळ नाही. वर पडलेला पाऊस थोड्याच वेळात घळीत हजर होतो. सात धबधब्यांच्या वरच्या अंगाला तर धरणाचा तलावही आहे. म्हणजे तुम्ही घळीत उभ्या आहात, डोक्यावर निळं आभाळ आहे, अंगावर थेंब नाही, आणि तरी नदी चढू शकते. तुम्हांला धोका देणारा पाऊस तुमच्यावर पडतच नाही. तो दुसरीकडे पडतो.

या बेटाला अशा पाण्याची आठवण आहे. ३० मार्च २०१३ ला राजधानी पोर्ट लुईसमध्ये थोड्याच वेळात असा पाऊस झाला, की भर शहरात ११ माणसं दगावली. जिथे शहराच्या रस्त्यावर ही गत, तिथे अरुंद घळीत काय होईल?

म्हणून आम्ही एक काम आदल्या रात्रीच केलं. मुक्कामाच्या ठिकाणी जेवणं झाल्यावर सहाजणी बसलो आणि परत कधी फिरायचं ते ठरवलं. तीन गोष्टी ठरल्या. एक, दुपारी बारा वाजता आम्ही जिथे असू तिथून मागे फिरायचं, मग पुढचा धबधबा दहा पावलांवर असला तरी. दोन, पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही. आणि तीन, सहाजणींपैकी कुणी एकीनं जरी "परत" म्हटलं, तरी सगळ्यांनी परत. का म्हणून विचारायचं नाही, समजूत घालायची नाही, आणि नंतर बोलून दाखवायचं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं ठरवायची काय गरज? तिथे गेल्यावर बघता येत नाही का? मैत्रिणींनो, तिथे गेल्यावर बघता येत नाही. कारण तिथे गेल्यावर आपण पैशाचा विचार करतो. दोन वर्षांची भिशी, विमानाचं तिकीट, घरच्यांची काढलेली परवानगी, रजा, सगळं डोळ्यांपुढे येतं. एवढं करून आलो, आता काय मागे फिरायचं? जितका खर्च जास्त, तितकं मागे फिरणं जड. घरात, कोरड्या कपड्यांत, पोटभर जेवल्यावर ठरवलेली गोष्टच तिथे उपयोगी पडते.

सकाळी व्हाकोआच्या बाजारातून दाल पुऱ्या बांधून घेतल्या. तिथली दाल पुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीण. वाटाण्याच्या डाळीचं सारण, मऊसूत, आत रस्सा आणि चटणी घालून देतात. हेन्रिएटाला बसनं उतरलो. तिथे वाटाडे भेटतात, त्यांतला एक आधीच ठरवला होता. गावचाच माणूस, क्रिओल बोलणारा, मोडकं हिंदी येणारा. आम्हांला तो 'मादाम' म्हणायचा. उसाच्या शेतांकडेनं वाट जंगलात शिरली. दोन्ही बाजूंना लालचुटुक, बोराएवढ्या पेरूंची झुडपं. ते पेरू गोड-आंबट लागतात, पण ही झाडं बाहेरून आलेली, आणि त्यांनी तिथलं मूळ जंगल पार व्यापून टाकलं आहे, असं वाटाड्यानं सांगितलं. आपल्याकडे घाणेरीनं डोंगर व्यापले, तसंच.

पहिला धबधबा वरून पाहिला. दुसऱ्यापाशी उतरलो. पाणी काचेसारखं, तळाचे दगड मोजता येतील असं. दोन पात्रं ओलांडली, पाणी पोटरीपर्यंत. तिसऱ्याच्या डोहापाशी पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. ऊन स्वच्छ होतं. डोहात पाय सोडून बसलो. वाटाडा मात्र बसला नाही. त्यानं काठावर, पाण्याला लागून एक पांढरट दगड ठेवला आणि तो सारखा त्या दगडाकडे बघत राहिला. मग त्यानं वर, पठाराच्या दिशेला पाहिलं. तिथे आभाळ काळं होतं.

एवढ्यात आमच्यातली सगळ्यांत धाकटी म्हणाली, "पाण्याचा रंग बदललाय का?" खरंच, काचेसारखं पाणी फिक्या चहासारखं झालं होतं. दोन-चार सुकी पानं, एक काटकी तरंगत आली. पांढरा दगड अर्धा बुडाला होता. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "परत."

चौथा धबधबा समोर, वळणाच्या पलीकडे होता. त्याचा आवाज येत होता. फोटो तिथलाच सगळ्यांत छान येतो, असं सगळे सांगतात. एकीच्या तोंडावर शब्द आलाच होता, तो तिनं गिळला. ठरलं म्हणजे ठरलं. चपला-बूट चढवले आणि निघालो. पहिलं पात्र ओलांडताना पाणी पोटरीपर्यंत होतं तिथे गुडघ्याला टेकलं होतं. वाटाड्यानं एकेकीला हात धरून पलीकडे नेलं. दुसरं पात्र अरुंद होतं, ते दगडांवरून पार केलं. चढाला लागून थोडं वर आलो आणि मागे वळून पाहिलं, तर ते दगड दिसत नव्हते. पाणी लाल झालं होतं आणि नदीचा आवाज बदलला होता. आधी झुळझुळ होती, आता घरघर.

पलीकडच्या काठावर चार तरुण मुलं राहिली होती. वाटाड्यानं हातांनी खुणा करून त्यांना सांगितलं, उतरू नका, वर सरका आणि थांबा. ती थांबली. दोन तासांनी पाणी ओसरलं तेव्हा ती सुखरूप आली. अशा लहान नदीचा हाच एक गुण आहे, ती चढते लवकर आणि उतरतेही लवकर. घाई केली नाही तर ती वाट सोडते. आम्हांला वर यायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागला. घळीत फोनला रेंज नव्हती. पण वर बसलेल्या ताईंना आम्ही वेळ सांगून गेलो होतो, की दोन वाजेपर्यंत आलो नाही तर गावात जाऊन माणसं बोलवा. आम्ही सव्वाला वर आलो. ताईंनी घड्याळ दाखवलं आणि दाल पुऱ्या सोडल्या.

सातांपैकी तीन धबधबे पाहिले. नंतर बोलून दाखवायचं नाही, हेही ठरलेलंच होतं. आणि कुणी दाखवलं नाही.

आता, ही पाण्याची भाषा तुम्हीही शिकून ठेवा. ती मॉरिशसला जाणाऱ्यांसाठी आहे, तशी आंबोलीला, माळशेजला, ठोसेघरला जाणाऱ्यांसाठीही आहे. पाणी गढूळ व्हायला लागलं, की निघायचं. पानं, काटक्या, फेस वाहत आला, की निघायचं. आवाज वाढला, की निघायचं. मघाशी पाय ठेवलेला दगड दिसेनासा झाला, की निघायचं. आणि निघायचं म्हणजे नदीच्या कडेकडेनं खाली धावायचं नाही, काठावरून वर, उंचावर चढायचं. पाण्याच्या काठी बसायचं असेल तर आमच्या वाटाड्यासारखी एक खूण करून ठेवायची आणि तिच्याकडे बघायला एकीनं जागं राहायचं. वेगानं वाहणारं गुडघाभर पाणी धडधाकट माणसाला पाडतं. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, हे विसरू नका. मुलांना कडेवर घेऊन, हात धरून साखळी करून जाऊ, असं म्हणू नका. मध्येच अडकलात आणि अलीकडे सुरक्षित उंचवटा असेल, तर तिथेच थांबा. उशीर झाला तर घरचे रागावतील. रागावू देत.

कपड्यांचंही सांगतो. पायांत मागून पट्टा असलेले, तळव्याला पकड असलेले बूट हवेत. स्लीपर नको, आणि अनवाणी तर मुळीच नको. लांब ओढणी घरी ठेवा. हातात काठी असू दे. एक कोरडा कपड्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत. पाण्याची बाटली भरलेली, कारण धबधब्याचं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी ते पिण्याचं नव्हे. डोहात उडी मारू नका. खाली दगड किती खोल आहे, ते वरून कळत नाही. अंधार पडायच्या आत वर यायचं. आणि मोबाइलला रेंज मिळेल तिथपर्यंत पोचलात आणि मदत हवी असेल, तर आपल्याकडे ११२ हा क्रमांक लक्षात ठेवा. मॉरिशसमध्येही पोलिसांसाठी तोच चालतो.

शेवटचं सांगायचं ते थोडं वेगळं आहे. ३० जून २०२४ ची बातमी तुम्हांला आठवत असेल. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांत लहान मुलं होती. त्या कुटुंबाला कुणी नावं ठेवावीत म्हणून आम्ही हे सांगत नाही. आपण सगळेच तिथे असतो. पाण्यात बसून हसत असतो. पण अशा प्रत्येक सहलीत एक बाई अशी असते, जिला आधी भीती वाटते. कधी सासू, कधी नवी सून, कधी दहा वर्षांची मुलगी. पाण्याचा रंग तिला दिसलेला असतो. ती बोलत नाही. मजेवर विरजण नको म्हणून, घाबरट म्हणतील म्हणून, मोठ्यांच्या पुढे कसं बोलायचं म्हणून. आमच्यात 'परत' म्हणणारी सगळ्यांत धाकटी होती. एरवी भिशीत ती फारशी बोलतही नाही. त्या दिवशी ती बोलली, कारण तिला बोलायची परवानगी आदल्या रात्रीच मिळालेली होती. तिला धीर गोळा करावा लागला नाही.

म्हणून या पावसाळ्यात डबे भरताना एवढं करा. निघायच्या आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांना, लहान-थोरांना, एकत्र बसवा आणि सांगा, की उद्या ज्याला कुणाला भीती वाटेल त्यानं 'परत' म्हणायचं, आणि सगळ्यांनी यायचं. हसायचं नाही, चिडवायचं नाही. घरातल्या कर्त्या माणसाकडून हे वदवून घ्या. या सवयीला पैसे पडत नाहीत, आणि कुठलंही दोरखंड, कुठलंही जॅकेट तिची बरोबरी करणार नाही.

आमची नवी भिशी सुरू झाली आहे. उरलेले चार धबधबे तिथेच आहेत, पुन्हा कधीतरी बघू. तुम्हीही जा, भिजा, भजी खा आणि सगळ्याजणी घरी या.